पाटलाच्या दारात अडलेली काठी

आमच्या गावच्या पाटलाने माझ्या धाकट्या भावाला फसवले. साक्षीदार कोणी नाही, कारण शब्द उपरण्याखाली दिला होता. तो पाटील आता नाही. त्याचा मुलगा आहे आणि आज पाटीलकी त्याच्याकडे आहे. मी हे लिहितो आहे ते त्याने वाचावे म्हणून. बाकीच्यांनी वाचले तर माझी हरकत नाही.

मी बैलांचा दलाल. तापीकाठच्या गावात जन्मलो, पण त्या काळ्या जमिनीतले ढेकूळही आमच्या मालकीचे नव्हते. पोरवयात दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून विसरवाडीपर्यंत अनवाणी चाललो. बैल मालकाचा, दावे मालकाचे, पायातले काटे तेवढे माझे. पुढे धडगावच्या डोंगरात जाऊन गोऱ्हे आणू लागलो, तोरणमाळच्या उतारावरून ते न दुखवता कसे उतरवायचे हे शिकलो आणि बाजारात माझ्या शब्दाला वजन आले. ते कोणी मला दिले नाही, मी मिळवले. चाळिशीत अक्षरे गिरवली, तीही एवढ्यासाठी की माझी गोष्ट दुसऱ्या कोणी लिहू नये. लोक मला तापट म्हणतात. म्हणू देत.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात घालतात, वर उपरणे टाकतात आणि उपरण्याखाली बोटे दाबून बोलतात. तोंडाने मात्र जनावराला नावे ठेवणे चालू असते. दात घासलेत, खूर फाटलेत, शेपटीत गोम आहे. पाहणाऱ्याला वाटते भांडण पेटले; आत सौदा होत असतो. शेवटी बोटे सोडून समोरच्याचे मनगट धरले की सौदा पक्का. मग बैल घरी पोचायच्या आत मेला तरी मागे फिरायचे नाही. उपरण्याखालचा शब्द आमच्या बाजारात कोणी मोडलेला मी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. मोडला असता तर दुसऱ्या दिवशी बाजारच उठला असता.

समुद्रापार बसऱ्याकडे इंग्रजांची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मामलतदाराकडून गावोगावच्या पाटलांना निरोप आला, जवान पोरे द्या. पाटलाचा एकुलता एक मुलगा नेमका त्या वयाचा. गावात कुजबुज सुरू झाली की दुसऱ्यांची पोरे मागणाऱ्याने आधी आपला द्यावा. पाटील बाजारात माझ्याकडे आला, एका जोडीच्या निमित्ताने. हात पुढे केला, उपरणे टाकले आणि हळूच म्हणाला, "तुन्हा भाऊले जनावरनी जाण शे. साहेबले खेचरंसाठे असाच माणूस पाहिजे."

मी विचारले, "आनि हातपाय तुटीसन उना तं?"

"गाव सांभाळी."

"कितला दिन?"

"उघड बोलसू तं सारं गाव मन्हा मांगे लागी," तो म्हणाला आणि लगेच मोठ्याने ओरडला, "काय बैल शे का बकरी? दात देख त्याना!"

मी उपरण्याखाली एक बोट दाबले. म्हणजे एक वर्ष? त्याने ते बाजूला सारले. मी दोन दाबली. तीही सारली. मी सगळा पंजा त्याच्या हातात दिला. तोही त्याने सोडला आणि माझे मनगट धरले, घट्ट. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "जनमभर."

मी इतका हिशेबी माणूस, पण त्या दिवशी चार लोकांना बोलावून हे मोठ्याने वदवून घ्यावे असे मला सुचले नाही. सुचले असते तर मीच स्वतःला हसलो असतो. उपरण्याखाली मनगट धरल्यावर साक्षीदार मागणारा दलाल मी तरी पाहिला नव्हता.

भाऊ गेला. हसत गेला. आगगाडीत बसायला मिळणार याचाच त्याला आनंद.

परत आला तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंतच होते. खेचरांच्या तळावर तोफेचा गोळा पडला होता. मुंबईच्या इस्पितळात त्याला चामड्याचे पट्टे आणि लोखंडी आकडे दिले होते. त्या आकड्यांनी तो दावे ओढू शके, बादली उचलू शके. पण ते पट्टे बांधायला दुसऱ्या कोणाचे तरी दोन हात लागत. सरकारने हात दिले ते असे. पेन्शनही आली. त्यात दाणा घरात येई, पण दाण्याची भाकरी झाल्यावर तिचा घास तोंडात कोण घालणार, हे पेन्शनीच्या कागदावर कुठे नव्हते. ठरलेले लग्न मोडले. मुलीच्या बापाला मी दोष देत नाही. नाही, देतो.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. माझी बायको त्याला भरवायला बसे आणि तो ओठ मिटून भिंतीकडे बघे. वहिनीच्या हातून लहान पोरासारखे जेवायचे त्याच्या जिवावर येई. चार-पाच दिवस तिने गोडीने घेतले. मग एकदा ताटच त्याच्यासमोर आदळले.

"मन्हा हातना घास कडू लागस का, भाऊजी?"

"कडू नही, वहिनी," तो म्हणाला. "मिरची जास्त शे."

ती हसली, तो हसला आणि मग जेवला. पण न्हाणे, परसाकडे नेणे, तिथून आल्यावर धुणे, धोतर नेसवणे हे तिने करायचे नव्हते आणि त्याने करू दिलेही नसते. मी बाजारांना फिरणारा माणूस, महिन्यातले निम्मे दिवस डोंगरात. म्हणून मी पाटलाकडे गेलो आणि फक्त आपले मनगट पुढे केले. त्याने पाहिले, मान हलवली. त्या वेळेपर्यंत त्याला लाज होती, हे मी कबूल करतो.

गावात पाळीची एक काठी होती. चावडीवर कोणी सरकारी माणूस उतरला की पाणी, सरपण द्यायची पाळी घरोघर फिरे. ज्याची पाळी झाली त्याने काठी शेजारच्या दारात टेकवून ठेवायची. सकाळी ज्याच्या दारात काठी, त्या दिवशी त्याचे काम. पाटलाने तशीच एक नवी काठी माझ्या भावासाठी फिरवली. ज्याच्या दारात ती असेल त्या घरातल्या एका पुरुषाने सकाळी आमच्याकडे यायचे, भावाला परसाकडे न्यायचे, न्हाऊ घालायचे, पट्टे बांधायचे आणि मगच आपल्या शेताकडे जायचे.

काही वर्षे काठी फिरली. माणसे कशी असतात हे मला बाजारात कळले नाही तेवढे त्या काठीने कळले. तेल्याच्या घरची पाळी असली की भाऊ आदल्या दिवसापासून खूष, कारण तेली हात आखडत नसे. पाठ अशी चोळी की भाऊ खाटेवर डुलत बसे. एक जण थंडीत गार पाणी ओते आणि वर म्हणे, शिपाईगड्याला कसली थंडी. एक म्हातारा भावाला न्हाऊ घालताना स्वतःच्या गुडघ्यांचीच कहाणी सांगे, तेवढ्यात पाणी निवून जाई. न्हावी दाढी करायला येई तो आपल्या बलुत्याच्या हिशेबात, पण पाळीच्या माणसाला सूचना देत बसे. "काखमा नही धुयं," म्हणे. भाऊ त्याला म्हणे, "तू वस्तरा देख, काख मन्ही शे."

भावाच्या दोन अटी होत्या. नदीवर चारचौघांच्या घाटावर न्हायचे नाही; बाभळींच्या आडच्या डोहावर न्यायचे. आणि त्याच्यासमोर कोणी "बिचारा" म्हणायचे नाही. एकाने म्हटले तर भावाने ओल्या अंगानेच त्याला हाकलले. मला म्हणाला, "दादा, मी भीक लेत नही. हाई मन्हं शे." खरे होते. त्याने आधीच चुकते केले होते, दोन्ही हातांनी.

पाटलाच्या घरची पाळी त्याचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, करी. पाटलाच्या घरचा हात तेवढाच आला, पण आला, म्हणून मी बोललो नाही. आमच्याकडे सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते. त्या वर्षी आखाजीला पाटलाचे आणि सालदाराचे बिनसले, सालदार गाठोडे घेऊन गेला आणि नवा ठरायचा होता. दोनच दिवसांनी काठी पाटलाच्या दारात आली.

सकाळी भाऊ ओट्यावर बसला. ऊन अंगणात आले, ओट्यावर चढले, त्याच्या पायांवर आले. कोणी आले नाही. त्याला परसाकडे जायचे होते. दात आवळून बसला होता. मी घरीच होतो. आधी त्याचे सगळे केले आणि मग पाटलाच्या वाटेला लागलो.

पाटलाचा मुलगा दारातच होता, लिंबाची काडी चघळत. काठी त्याच्या बाजूलाच भिंतीला टेकलेली.

मी म्हणालो, "आज तुमनी पाळी शे."

"सालदार नही."

"तू शे ना?"

तो थुंकला. "मी पाटीलना पोऱ्या शे. मी कोनं ढुंगन धुवाले जाऊ?"

"तुन्हा बदले गया व्हता तो," मी म्हणालो. "आते तू एक दिन त्याना बदले पाणी ओत."

तो काही बोलायच्या आत पाटील बाहेर आला. मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता मुलाला दटावेल. सौदा त्याचा होता, मनगट त्याने धरले होते. त्याने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, पाळी आजपासून बंद. गावाने खूप केले. अशी माणसे पुण्या-मुंबईकडे कुठे ठेवून घेतात म्हणतात, तिकडे धाडून दे.

"जनमभर म्हनेल व्हतं तुम्ही."

"कोन म्हने? कोनी देखं?" आणि वरून, "शिपाई कसाना? खेचरं हाकनारा व्हता."

त्यांच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या होता, तो मी उचलून फेकला. पाटलाला लागला नाही, चौकटीला लागला. चेपलेला तांब्या बरेच दिवस त्यांच्या घरात होता म्हणे. मला त्याचे आजही वाईट वाटत नाही. नेम चुकला याचे वाटते.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी भावाला बरोबर नेले. दलाल मंडळींना आधी सगळे सांगितले. एकदोघे हसले. बैलाचा सौदा वेगळा आणि माणसाचा वेगळा, म्हणाले. मी म्हणालो, हात तोच, उपरणे तेच, मनगट तेच. मग वेगळे काय ते सांगा. सगळ्यांत म्हातारा दलाल, ज्याच्या हाताखाली मी दावी धरायला शिकलो, तो एवढेच म्हणाला, "त्याले येऊ दे."

पाटील आला. एका पांढऱ्या जोडीसमोर थांबला, खांद्यावरचे उपरणे काढले आणि म्हाताऱ्या दलालाकडे हात केला. तेवढ्यात माझा भाऊ पुढे झाला. पट्टे त्याने सकाळीच नको म्हटले होते, ते का ते मला आता कळले. त्याने आपला उघडा थोटा हात पाटलाच्या उपरण्याखाली घातला.

"बोटं नहीत मन्हाकडे, पाटील," तो म्हणाला, आवाज न चढवता. "पन मनगट शे. मनगटच धरेल व्हतं ना तुम्ही? धरा."

आजूबाजूचे दलाल जवळ सरकले. पाटलाने एकदा हात हलवला, बहुतेक धरायलाच. मग मागे घेतला. उपरणे भावाच्या हातावर तसेच राहिले.

म्हाताऱ्या दलालाने ते उचलले, दोन्ही हातांनी झटकले आणि पाटलाच्या खांद्यावर परत टाकले. "तुमनासंगे आते उघड," म्हणाला. बस्स. पण बाजारात ज्याला कळायचे त्याला कळले. त्या दिवसापासून त्या बाजारात कोणी पाटलाच्या हातात हात घातला नाही. त्याला भाव तोंडाने, मोठ्याने बोलावा लागे. बैल घ्यायचा तर गळा काढून ओरडायचे आणि शेजारचे गिऱ्हाईक ते ऐकून भाव चढवायचे. दोनतीन बाजार त्याने असे काढले. भाजीवाल्या बायासुद्धा हसत. "पाटील, जरा जोरमा! आठे ऐकू येत नही!" मग तो यायचाच बंद झाला, दुसऱ्यांना पाठवू लागला.

हा माझा विजय म्हणून मी सांगत नाही. बाजारात त्याची पत गेली, पण काठी त्याच्या दारातून हलली नाही. पाणी ओतायला माणूस आला नाही.

तेली माझ्याकडे आला होता. म्हणाला, पाटलाचे घर वगळू, काठी मी उचलतो आणि पुढे चालू करतो. माझी बायको म्हणाली, घ्या ना. तुमच्या ताठ्यापायी त्या माणसाचे हाल कशाला? मला राग आला, पण तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी भावाकडे पाहिले, कारण अंग त्याचे होते.

"काठी तठेच राहू दे," भाऊ म्हणाला. "ज्यानी पाळी शे त्यानी शे."

तेव्हापासून रोज सकाळी त्याचे सगळे मी करतो. त्यासाठी धडगावचे बाजार सोडले, कारण तिथून रात्रीत परतता येत नाही. तोरणमाळचे गोऱ्हे दुसऱ्या दलालांकडे गेले. मी रात्री दिव्याच्या उजेडातही जनावर पारखणारा माणूस, घराजवळच्या बाजारात म्हातारे बैल विकत बसलो. भावाला एकदा म्हणालो, तू नसतास तर मी आज मोठा माणूस असतो. तो म्हणाला, "मी नसतू तं पाटीलना पोऱ्याना हात नसतात." आणि लगेच, "जरा डावी बाजू चोळ, तठे खाज शे."

तो पाठीवर पाणी घेताना डोळे मिटतो. पट्टा जास्त आवळला की सांगत नाही, फक्त खांदा उचलतो. ते मला पाठ झाले आहे. हिवाळ्यात थोट्यांची टोके काळी पडतात, तेव्हा मोहाचे तेल कोमट करून लावावे लागते. हे सगळे कोणत्याही धडधाकट माणसाला एका सकाळीत शिकता येईल.

आता पुन्हा लढाई लागली आहे. मागच्या महिन्यात चावडीसमोर भरतीची मोटार आली. डोंगराकडची पोरे आली होती, गावातली होती, त्यांच्या आया होत्या. नवा पाटील, म्हणजे तोच लिंबाची काडी चघळणारा, आता केस पांढरे झालेला, साहेबाच्या बाजूला उभा राहून बोलला. शुद्ध मराठीत बोलला. म्हणाला, आपली मुले बिनधास्त पाठवा. काही कमीजास्त झाले तर गाव त्यांना सांभाळेल.

एका बाईने माझ्याकडे वळून विचारले, "आबा, खरं शे का?"

मी उभा राहिलो. त्याच्याच शुद्ध मराठीत म्हणालो, "बाई, याच्या दारात जाऊन बघ. भिंतीला एक काठी आहे. वाळत घातलेल्या मिरच्यांवरच्या शेळ्या हाकायला यांच्या घरचे ती वापरतात. ती कोणाची आणि तिथे कशी आली ते त्याला विचार." मग त्यालाच म्हणालो, "सांग ना, पाटील. उघड सांग."

तो हसल्यासारखे करून साहेबाला म्हणाला, म्हातारा जुन्या गोष्टी उकरतो. मला म्हणाला, "सवडीने बोलू, आबा." त्या बाईने आपल्या मुलाचा दंड धरला आणि त्याला घरी नेले. दुसरीचा मुलगा मोटारीत बसला.

ती सवड अजून आलेली नाही. म्हणून हा कागद.

पाटील, माझे गुडघे गेले आहेत. परवा डोहावर भरलेली बादली माझ्या हातून सुटली आणि भाऊ साबणाच्या अंगाने तसाच बसून राहिला, मी पुन्हा उतरून पाणी आणेपर्यंत. तो माझ्यापेक्षा लहान आहे, माझ्यामागे राहील. मी मेल्यावर त्याला परसाकडे कोण नेईल? मुलगे माझ्यासारखेच बाजारांना फिरतात; घास भरवायला कदाचित सुना पुढे होतील. पण त्याला डोहावर कोण नेणार, पट्टे कोण बांधणार, टोकांना तेल कोण लावणार?

मला तुझे शेत नको, धान्य नको. एक सकाळ हवी आहे. तुझ्या दारातली काठी घे, आमच्या ओट्यावर ये, माझ्या भावाला डोहावर ने, पाठ चोळ, पुस, धोतर नेसव, पट्टे बांध. आवळू नको. मग ती काठी तुझ्या शेजाऱ्याच्या दारात टेकव, म्हणजे पाळी पुढे सुरू होईल. ते जमत नसेल तर बाजाराच्या दिवशी बैलांमध्ये उभा राहा आणि उपरणे न टाकता, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोल, की माझ्या बापाने शब्द दिला होता, तो त्याने माझ्यासाठी मोडला आणि तो पाळायला मी नाही म्हणतो.

या दोहोंतले एक कर. चावडीवर उद्या पुन्हा मोटार येईल, आणि त्या पोरांना तू पुन्हा तेच सांगशील. त्याआधी मला उत्तर दे.